पणजीतल्या हॉटेलचा कठडा आणि चार इंचांचं अंतर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या थोडं आधी आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या घरांची केलेली छोटी हॉटेलं, ज्यांना आता बुटीक हॉटेल म्हणतात, त्यांच्यावर एक रंगीत पान आलं होतं. माझ्या पत्नीनं ते कापून फ्रिजवर लावलं आणि सुट्टीत आम्ही पोरांना घेऊन पणजीच्या फोन्तेन्हास भागात तशाच एका हॉटेलात तीन रात्री राहून आलो. त्या पानात एक गोष्ट लिहायची राहून गेली होती, म्हणून हे पत्र. जागेअभावी काही गाळावं लागलं तर बाकीचं गाळा, मापं मात्र राहू द्या.

मी कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं काम करतो. गेट, खिडक्यांचे ग्रिल, जिन्याचे आणि गॅलरीचे कठडे, पत्र्याची शेड. बावीस वर्षं झाली. कुठल्याही घरात गेलो की माझा हात आधी कठड्यावर जातो, तो हलतो का बघतो. पणजीला मात्र माझा हात पोचायच्या आधी माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलाचे पाय पोचले.

आधी आम्ही शहरातलं हॉटेल का घेतलं ते सांगतो, कारण गोवा म्हटलं की लोक विचारतात, पोरं घेऊन गेलात आणि समुद्रावर नाही राहिलात? मागच्या खेपेला आम्ही समुद्राकाठी राहिलो होतो. तिथं दोघांपैकी एकाला सतत पाण्याकडं तोंड करून उभं राहावं लागलं. पोरांशी बोलणं असं झालंच नाही, नुसतं ओरडणं झालं. थोरली आता चौथीत आहे, तिला गल्ल्या, घरं, पाट्या, पूल असलं बघायला आवडतं. ती चालत चालत प्रश्न विचारते. म्हणून ठरवलं, या खेपेला गाव बघायचं. गाडी एका जागी लावायची आणि चार दिवस पायी फिरायचं.

हॉटेल शोधायला लागलो तेव्हा पहिला अनुभव आला. चार ठिकाणी फोन केले. दोन ठिकाणी सरळ सांगितलं, बारा वर्षांखालची मुलं घेत नाही. तिसऱ्यानं विचारलं, मुलं रडतात का? चौथ्यानं घेतो म्हटलं, पण सहा वर्षांवरच्या मुलासाठी जादा गादीचे पैसे लागतील, हे पोचल्यावर कळलं. संकेतस्थळावर दोन मोठे आणि दोन मुलं असंच भरलं होतं, वयं भरली होती, पैसेही तेवढेच दाखवले होते. काउंटरवर आमच्या हातात जादा गादीचं रोजचं १,२०० रुपयांचं बिल आलं. गादी आम्ही मागितली नव्हती, पोरं आमच्यातच झोपतात.

रेल्वेचा नियम सगळ्या देशाला पाठ आहे. पाच वर्षांखालच्याला तिकीट नाही. पाच ते बारामधल्याला आरक्षित डब्यात वेगळा बर्थ नको असेल तर अर्धं, बर्थ हवा असेल तर पूर्ण. आमच्या एसटीतही पाच ते बारा अर्धं तिकीट. खेड्यातली म्हातारीसुद्धा कंडक्टरला पोराचं वय सांगून हिशोब करते. हॉटेलांचं तसं नाही. एकाकडं पाच, दुसऱ्याकडं सहा, तिसऱ्याकडं आठ, कुठं बारा. पैसे घेऊ नका असं मी म्हणत नाही. चादर, पाणी, नाश्ता, सगळ्याला खर्च आहे. पण दर जिथं लिहिता तिथंच हेही लिहा. आम्ही लहान धंदेवाले आहोत, कोटेशनमध्ये नसलेली रक्कम बिलात लावली तर गिऱ्हाईक आमच्या दारात उभं राहून चार शब्द ऐकवतं आणि ते बरोबरच असतं.

असो. मूळ गोष्ट वेगळी आहे.

सकाळी सहाला निघून आजरा, आंबोली, सावंतवाडीमार्गे आम्ही दुपारी पणजीत पोचलो. आंबोलीच्या घाटात धाकट्याला दोनदा उलटी झाली होती, त्यामुळं तो मरगळलेला होता. हॉटेल म्हणजे दुमजली जुनं घर. बाहेरून पिवळा रंग, पांढऱ्या कडा, कौलारू छप्पर. खोली पहिल्या मजल्यावर. आत शिरल्यावर पत्नी आणि मी दोघंही क्षणभर गप्प झालो, इतकी ती खोली सुंदर होती. उंच तक्तपोशी, पायाखाली लाल कोबा आणि एका खिडकीला काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं. लाकडाच्या पट्ट्यांना खाच पाडून त्यात तासलेले पातळ शिंपले बसवलेले. बाहेर कडक ऊन होतं आणि आत दुधासारखा उजेड पडला होता. थोरलीनं प्रत्येक शिंपल्याला बोट लावून बघितलं. कारागीर म्हणून सांगतो, तो सुतार आज असता तर मी त्याच्या पाया पडलो असतो.

त्याच खोलीला रस्त्यावर झुकलेली गॅलरी होती. दोन झडपांचं दार, ते वाऱ्यासाठी उघडं ठेवलेलं. पत्नी बॅग उघडून धाकट्याचे कपडे काढत होती. मी न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ बघत होतो. थोरली म्हणाली, ‘बाबा, याचे पाय बाहेर आहेत.’

ती ओरडली नाही, नुसतं सांगितलं. मी बाहेर आलो तर धाकटा गॅलरीच्या फरशीवर बसला होता आणि त्याचे दोन्ही पाय कठड्याच्या एकाच फटीतून बाहेर लोंबत होते. झोपाळ्यावर बसल्यासारखा तो पाय हलवत होता आणि प्रत्येक झोक्याला थोडा पुढं सरकत होता. कंबर फटीत शिरली होती. कठड्यावर वेलबुट्टीचं काम होतं, त्यातल्या एका लोखंडी पानाच्या टोकात त्याच्या शर्टाचा मागचा भाग अडकला होता आणि शर्ट बगलेपर्यंत वर ओढला गेला होता. तो त्या पानामुळं थांबला होता. मी त्याला दोन्ही काखांत धरून मागं ओढलं. त्याच्या पाठीवर लोखंडाचा लाल वळ उठला होता. तेवढ्यात त्याची एक निळी चप्पल निसटून खाली रस्त्यावर पडली. ती पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

समोरच्या घराच्या बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसरीत, एक आजी बसल्या होत्या. त्यांनी सगळं बघितलं असणार. त्या काठी टेकत रस्ता ओलांडून आल्या, चप्पल उचलली आणि हॉटेलच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी धावत खाली गेलो. त्यांनी चप्पल माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाल्या, ‘भुरग्याक सांबाळ, पुता.’ पोराला सांभाळ, लेका.

वर येऊन मी टेप काढली. माझ्या गाडीत ती कायम असते. कठड्याची उंची फरशीपासून सत्तावीस इंच. मी उभा राहिलो तर तो माझ्या मांडीला लागत होता. गजांमधली फट नेहमीच्या जागी पाच इंच आणि वेल जिथं बाहेर वळली होती तिथं सहा इंच दोन सूत, म्हणजे सव्वासहा इंच.

या आकड्यांचा अर्थ सगळ्यांना कळावा म्हणून थोडं खुलासेवार लिहितो. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत गॅलरीच्या कठड्याची उंची निदान एक मीटर सांगितली आहे. आमच्या टेपवर ती तीन फूट साडेतीन इंचाच्या आसपास येते. गजांमधल्या अंतराबद्दल आम्ही धंद्यातले लोक पूर्वी अंदाजानंच चालायचो, गज जास्त लावले तर वजन वाढतं आणि गिऱ्हाईक कुरकुरतं. सहा-सात वर्षांपूर्वी एका बंगल्याचं काम करताना मालकाच्या इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मुलानं मला तिकडचा नियम दाखवला. जिथं पाच वर्षांखालची मुलं असू शकतात तिथं कठड्याच्या कुठल्याही फटीतून १०० मिलिमीटरचा गोळा पार जाता कामा नये. म्हणजे चार इंचाला थोडं कमीच. आणि दुसरी अट, कठडा मुलाला सहज चढता येईल असा नसावा.

त्यामागचं कारण साधं आहे. लहान मुलाचं डोकं त्याच्या अंगाच्या मानानं मोठं असतं. फट पाच-सहा इंचांची असली की आधी पाय जातात, मग कंबर जाते, मग छाती. फट जास्त रुंद असेल तर मूल खाली जातं. जरा कमी असेल तर अंग बाहेर आणि डोकं आत अडकतं, आणि ते तर त्याहून भयंकर. चार इंचांत मुळात कंबरच शिरत नाही. त्या बंगल्याच्या कामापासून मी कुठल्याही घराच्या कठड्यातली फट पावणेचार इंचांच्या वर ठेवलेली नाही. गिऱ्हाईकाला पोरं नसली तरी. घरात आज पोरं नसतील, उद्या पाहुण्यांची येतात. आणि आजकाल स्टीलचे आडवे पाइप लावायची फॅशन आहे, ती तर पोरांसाठी शिडीच. मी दरवेळी समजावून उभे गज लावायला सांगतो, काही कामं त्यामुळं हातची गेली आहेत.

मी खाली जाऊन मॅनेजरला सांगितलं. तरुण मुलगा होता, मालवणकडचा. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. खालच्या मजल्यावरची खोली मागितली, ती भरलेली होती. कठड्याला काहीतरी बांधून द्या म्हटलं तर म्हणाला, ‘दादा, ही हेरिटेज प्रॉपर्टी आहे, कठड्याला हात लावायची परवानगी नाही. आणि आमच्याकडं शक्यतो कपल्सच येतात.’ त्याच्यावर माझा राग नाही, तो नोकर माणूस. पण बुकिंग करताना आमच्या मुलांची वयं हॉटेलानं विचारून घेतली होती, साडेतीन हा आकडा त्यांच्या वहीत होता, आणि खोली देताना त्या आकड्याचा उपयोग कोणी केला नव्हता. वय विचारलं ते फक्त गादीच्या पैशासाठी.

ती रात्र आम्ही गॅलरीचं दार लावून काढली. दाराची खालची कडी धाकट्याच्या हाताच्या उंचीवर होती आणि वरची कडी पावसाळ्यात फुगलेल्या लाकडामुळं बसतच नव्हती. दोन्ही मुठींना पत्नीची ओढणी आवळून बांधली, दारासमोर टेबल ओढलं, टेबलावर बॅगा ठेवल्या. तरी मी दर तासाला उठून गाठ बघत होतो.

सकाळी पणजीच्या बाजारात गेलो. मासळी बाजाराजवळच्या एका दुकानात नायलॉनची बारीक डोळ्यांची जाळी मिळाली, हार्डवेअरच्या दुकानात केबल टाय मिळाले. दोन्ही मिळून ४१० रुपये. हॉटेलातला रूमबॉय आपणहून मदतीला आला. त्याला घरी दोन वर्षांची मुलगी आहे. अर्ध्या तासात आम्ही फरशीपासून वरच्या पट्टीपर्यंत आणि त्याच्याही वर, छताच्या वाशांना बांधून, सबंध गॅलरी जाळीनं बंद केली. एक भोक पाडलं नाही, रंगाचा एक टवका उडवला नाही. त्यानंतर धाकटा त्या गॅलरीत बसून दोन तास रस्ता बघत राहिला आणि पत्नी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसली.

संपादक महोदय, आता जे लिहितो ते मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. पुढचे दोन दिवस आमच्या पोरांच्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते आणि ते शहरातल्या अशा छोट्या हॉटेलात राहिल्यामुळंच मिळाले.

मोठ्या हॉटेलात धाकटा सकाळी सहाला उठला की आम्ही त्याला टीव्ही लावून देतो. इथं सहाच्या सुमाराला खालून भोंग्याचा आवाज आला, पॉं पॉं. पोदेर, म्हणजे तिकडचा पाववाला, सायकलवर पाव घेऊन आला होता. मागं मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक. आम्ही दोघं बाप-लेक खाली गेलो. पोई घेतली, कोंड्यात घोळवलेली, आत पोकळ, हाताला चटका बसेल इतकी गरम. हॉटेलचा नाश्ता साडेआठला होता आणि त्याआधी दूध मिळत नव्हतं, म्हणून पायरीवर बसून आम्ही कोरडीच पोई खाल्ली. धाकट्यानं एक पूर्ण संपवली. घरी त्याला पोळीचे चार घास भरवायला अर्धा तास लागतो. समोरच्या आजींनी टोपली बघून काकणांची, म्हणजे बांगडीसारख्या गोल पावांची, चौकशी केली, आज संपली होती. दुसऱ्या दिवशी पोदेरानं त्यांच्यासाठी बाजूला ठेवलेली काकणं दिली, तेव्हा त्यांनी त्यातलं एक धाकट्याच्या मनगटात घातलं. पावाचीच बांगडी. ती त्यानं दुपारपर्यंत हातात ठेवली आणि मग खाल्ली.

थोरलीला मी सांगितलं होतं की फोन्तेन्हास म्हणजे पोर्तुगीज भाषेत लहान झरे. तिनं तो झरा शोधायचं मनावर घेतलं. अल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याला, मळा नावाच्या वस्तीच्या बाजूला तो सापडला. तिथून वर मारुतीचं देऊळ. वरून सगळी कौलं दिसतात आणि पलीकडं ओरेमची खाडी. सॅन सेबॅस्टियनच्या छोट्या चॅपेलात ती बराच वेळ क्रुसासमोर उभी राहिली. नंतर बाहेर येऊन म्हणाली, इथल्या येशूचे डोळे उघडे आहेत आणि मान ताठ आहे. मी तिथं आधी दोनदा गेलो होतो, माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिथल्या एका काकांनी सांगितलं की हा क्रूस पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. इन्क्विझिशन म्हणजे काय हे चौथीतल्या मुलीला सांगणं सोपं नव्हतं. एका माणसानं दुसऱ्याला ‘तू कुठल्या देवाला मानतोस’ म्हणून शिक्षा करायची, असं सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही.

जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियाचा पुतळा आहे, खाली कोसळणाऱ्या बाईवर दोन्ही हात पसरून उभा असलेला. कांदोळीत जन्मलेला हा माणूस, ज्यानं युरोपात जाऊन संमोहनाची विद्या दाखवली. मूर्तिकार मडकईचे रामचंद्र पांडुरंग कामत, पुतळा १९४५ चा. पोरांनी त्याच्यासमोर उभं राहून एकमेकांना संमोहित करायचा खेळ सुरू केला, तो अजून आमच्या घरी चालू आहे. तिथून फेरीबोटीनं मांडवी नदीपलीकडच्या बेतीला जाऊन परत आलो, पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. बोटीचा फळका खाली पडताना होणारा लोखंडाचा खडखडाट धाकट्याला एवढा आवडला की आम्ही तीन फेऱ्या केल्या. संध्याकाळी मांडवीत कसिनोच्या बोटी दिव्यांनी लखलखतात. तिथं काय असतं असं थोरलीनं विचारलं. एकवीस वर्षांखाली कुणालाच तिथं प्रवेश नाही असं सांगितलं, तर तिनं विचारलं, ‘आणि आपल्याला पहिल्या हॉटेलवाल्यांनी का नाही घेतलं? तिथं पण जुगार होता का?’

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

ज्यांना शांतता हवी त्यांची अडचण मला समजते. कोणी आजारातून उठलेलं असतं, कोणी वर्षातून एकदा झोपायला येतं. फोन्तेन्हासमध्ये तर लोक राहतात, ते काही प्रदर्शन नव्हे. कितीतरी घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या आहेत. आम्ही पोरांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कुणाच्या पायरीवर चढायचं नाही, भिंतीला टेकून फोटो नाही, दुपारी एक ते चार गल्लीत बोलायचं ते हळू, कारण लोक झोपतात. पोरांनी ते पाळलं. मोठ्या माणसांचे घोळके पाळत नव्हते, हेही मी तिथंच बघितलं. पोरांना असं वागायला शिकवायचं तर आधी त्यांना अशा ठिकाणी न्यायला हवं. १८४३ पासून राजधानी असलेलं गाव, त्याची दोनशे वर्षांची घरं, हे दाखवायचं आणि रात्री पोरांना शहराबाहेरच्या काचेच्या इमारतीत झोपवायचं, यात त्यांच्या हाती फार थोडं लागतं. पहाटेचा पोदेर आणि रात्रीचं आजींचं खिडकी लावणं त्यात राहून जातं.

म्हणून मुलांना बंदी घालणाऱ्या हॉटेलांना माझी विनंती आहे की धोका वाटतो म्हणून बंदी घालत असाल तर धोका काढता येतो. जुन्या कामाला धक्का न लावता काढता येतो, हे मी कारागीर म्हणून सांगतो. ‘हेरिटेज आहे, हात लावता येत नाही’ हे अर्धंच खरं आहे.

जुन्या कठड्यांत दोन जाती असतात. एक बिडाचा, म्हणजे साच्यात ओतलेल्या लोखंडाचा. दुसरा घडीव लोखंडाचा, लोहारानं भट्टीत तापवून ठोकलेला. बीड ठिसूळ असतं. त्याला ड्रिल मारलं किंवा कुणीही येऊन साधं वेल्डिंग केलं तर ते तडकू शकतं, आणि तडकलेलं बीड पूर्वीसारखं होत नाही. तेव्हा त्याला हात लावू नये हे बरोबरच. पण त्याच्या आतल्या बाजूला, दोन-तीन इंच सोडून, दुसरी चौकट उभी करता येते. चौकट खाली फरशीवर रबराच्या पायांवर बसते, दोन्ही बाजूंना भिंतीत दाबून धरणारे स्क्रू जॅक आणि मधे जुन्या कठड्याला आतून रबर लावलेले दोन-चार क्लॅम्प, तेही फक्त झोकांड्या जाऊ नयेत म्हणून. सगळा भार चौकटीनं घ्यायचा, बिडावर काही टाकायचं नाही. चौकटीत उभ्या बारीक तारा ओढायच्या, हल्ली उंच इमारतींत इनव्हिजिबल ग्रिल म्हणून लावतात त्या. तीन इंचांवर तार घेतली तर पोराची कंबर शिरत नाही आणि रस्त्यावरून बघणाऱ्याला कठड्याची वेलबुट्टी होती तशीच दिसते. पोरं नसलेले पाहुणे आले की चार क्लॅम्प सोडून चौकट काढून ठेवायची.

गोव्यात एक काळजी घ्यावी लागते. खाऱ्या हवेत ३०४ नंबरचं स्टेनलेस स्टील लवकर डागाळतं, तिथं ३१६ नंबरचंच वापरावं. चार पैसे जास्त जातात. तरी माझ्या हिशोबानं पाच फुटी गॅलरीची अशी चौकट त्या हॉटेलाच्या एका खोलीच्या दोन-तीन रात्रींच्या भाड्यात बसते. आणि घाई असेल तर ४१० रुपयांची जाळी आहेच.

राहिली वरची कडी. सुताराकडून दार रंध्यानं दोन सूत तासून घेतलं की ती बसते. तेही करून घ्यायला पावसाळा संपल्यावर एक दिवस पुरतो.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरनं संकोचत विचारलं की जाळी जाताना काढाल का, खोलीचे फोटो काढायचे आहेत. मालकांशी फोनवर बोललो. त्यांनी मी आहे तोवर राहू दे म्हटलं, नंतर नको. मी काढली. टाय कापताना रूमबॉय म्हणाला, ठेवली असती तर बरं झालं असतं. घरी आल्यावर मी मालकांना सगळी मापं, चौकटीचा नकाशा आणि खर्च लिहून मेल केला. पुन्हा एकदा केला. पाच आठवडे झाले, उत्तर नाही. त्या खोलीचा फोटो संकेतस्थळावर नवा लागला आहे, गॅलरीचं दार उघडं आहे आणि कठड्यावर कॉफीचे दोन कप ठेवले आहेत. त्यावर खाली कुटुंबांसाठी योग्य असं लिहिलेलं आहे. हे वाचून मी हे पत्र लिहायला बसलो.

मी हॉटेलचं नाव लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. अशी एकच गॅलरी असती तर गोष्ट वेगळी. तीन दिवसांत चालता चालता मी रस्त्यावरून डोळ्यानं मापलेल्या गॅलऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त तशाच होत्या. राहत्या घरात घरच्यांना त्या माहीत असतात, पोरं त्यांच्याबरोबर वाढतात. परक्या घरात प्रवासानं थकलेलं पोर पहिल्या दहा मिनिटांत तिकडं धावतं आणि आई-बाप तेव्हाच बॅगा उघडत असतात.

गोव्यात हॉटेलांची नोंदणी १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली होते. नोंदणी करताना आणि ती नव्यानं करताना प्रत्येक गॅलरीची, गच्चीची आणि जिन्याची उंची आणि फट मोजून कागदावर घ्यावी. त्याला पाच मिनिटं आणि एक टेप लागते. आपल्या महाराष्ट्रातही वाड्यांची हॉटेलं होत आहेत, इथंही तेच व्हावं. आणि जिथं दर लिहिता तिथं दोन ओळी जास्त लिहा: मुलाला किती वयापर्यंत किती पैसे, आणि खोलीला गॅलरी असल्यास कठडा किती उंच आणि फट किती. फट पाच इंचांची असेल तर पाच इंच असं लिहा. आम्ही खालची खोली मागू, किंवा जाळी घेऊन येऊ. पोरांच्या आई-बापांनाही सांगतो, फोन करून हे विचारा, लाजू नका. पोचल्यावर बॅग उघडायच्या आधी गॅलरीत जाऊन स्वतःची मूठ गजांमधून घालून बघा. मोठ्या माणसाची आवळलेली मूठ साधारण साडेतीन ते चार इंच रुंद असते. मूठ आडवी धरून सैल जात असेल तर दार लावून घ्या आणि मग खाली जाऊन खोली बदलून मागा.

आपल्या पुरवणीत पुन्हा अशा हॉटेलांवर पान निघालं तर लेखकाला कृपया टेप घेऊन पाठवा.

चौकटीचा नकाशा आणि मालाची यादी मी या पत्रासोबत जोडली आहे. कुठल्याही हॉटेलवाल्याला, गोव्यातल्या किंवा आपल्याकडच्या, हवी असल्यास ती आपल्या कार्यालयातून द्यावी. त्याचे पैसे नाहीत. काम त्यांनी त्यांच्या गावातल्या फॅब्रिकेटरकडूनच करून घ्यावं, तो माप बघून लगेच समजेल. जाळी माझ्या वर्कशॉपमध्ये गुंडाळून ठेवली आहे. मे महिन्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत, धाकट्याला फेरीबोट बघायची आहे आणि आजींसाठी त्यानं इथला गूळ न्यायचा म्हणून सांगून ठेवलं आहे. जाळी आणि टेप गाडीत असेल.

आपला,
एक फॅब्रिकेटर वाचक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर